मोडीच्या वर्गासाठी जित्सी मीट : कॉम्प्रेशनच्या अंगाने केलेली पाहणी

मोडी लिपी शिकवणाऱ्या माणसाला व्हिडिओ कॉन्फरन्सकडून चेहऱ्यांचे देखणे चित्र नको असते. बोरूच्या टोकाखाली शाई कशी वळते, ते समोरच्याला दिसावे एवढेच त्याचे मागणे असते. मोडीत आधी पानभर शिरोरेषा ओढायची आणि मग हात शक्यतो न उचलता तिच्याखाली अक्षरे ओवत जायची, अशी रीत आहे. काना खालून वर जातो आणि तिथूनच पुढच्या अक्षराला सुरुवात होते, त्यामुळे पूर्ण झालेले अक्षर पाहून भागत नाही, हात कोणत्या दिशेने गेला हेही विद्यार्थ्याला पाहावे लागते. बारीक रेषा आणि सलग हालचाल या दोन्ही गोष्टी एकाच वेळी शाबूत राहायला हव्यात, आणि व्हिडिओ कॉम्प्रेशनला, म्हणजे चित्र दाबून लहान करण्याला, नेमके हेच जड जाते.

पूर्वी मी ज्या सेवेवर वर्ग घेत असे तिचे नाव इथे घेत नाही, पण तिथला एक प्रसंग सांगितल्याशिवाय या परीक्षणाचे कारण कळणार नाही. वर्गातल्या एका निवृत्त गृहस्थांनी एकदा मध्येच थांबवून मला सांगितले, "सर, तुम्ही लिहायला लागलात की तुमचा हात धुक्यात जातो, आणि धुके विरते तेव्हा अक्षर लिहून झालेले असते." मी इंटरनेटची जोडणी बदलली, कॅमेरा बदलला, तरी धुके गेले नाही. तेव्हापासून मी चित्र कसे दाबले जाते हे समजून घेऊ लागलो आणि त्याच कसोटीवर जित्सी मीट ही सेवा वापरून पाहिली. सध्या माझे आठवड्याचे दोन्ही वर्ग तिच्यावरच चालतात.

जित्सीची थोडक्यात ओळख करून देतो. हा मुक्त स्रोताचा प्रकल्प आहे. २००३ साली स्ट्रासबर्गच्या विद्यापीठात एमिल इव्होव्ह या बल्गेरियन विद्यार्थ्याने वेगळ्या नावाने त्याची सुरुवात केली, आणि पुढे बल्गेरियन भाषेतल्या 'तारा' (विजेच्या किंवा टेलिफोनच्या असतात तशा वायरी) या अर्थाच्या शब्दावरून त्याला आजचे नाव मिळाले. २०१५ मध्ये तो ॲटलासियन कंपनीकडे आणि २०१८ मध्ये एट बाय एट कंपनीकडे गेला. ब्राउझरमध्ये दुवा उघडला की वर्ग सुरू होतो, वेगळे काही बसवावे लागत नाही. ज्याला हौस आणि जाण आहे त्याला हीच सेवा स्वतःच्या सर्व्हरवरही चालवता येते. ऑगस्ट २०२३ पासून त्यांच्या सार्वजनिक ठिकाणी बैठक सुरू करणाऱ्याला खाते वापरून आत यावे लागते. आधीची निनावी मोकळीक त्यामुळे गेली, मात्र विद्यार्थ्यांना खाते लागत नाही आणि माझ्या दृष्टीने तेवढे पुरेसे आहे.

आता मुद्द्याचे. ७२० ओळींचे, म्हणजे १२८० × ७२० ठिपक्यांचे चित्र सेकंदाला ३० वेळा पाठवायचे, तर रंगाची माहिती आधीच चौथाईवर आणूनही सेकंदाला सुमारे ३३ कोटी बिट लागतात. जित्सीच्या मूळ मांडणीत याच चित्रासाठी व्हीपी८ या कोडेकला (कोडेक म्हणजे चित्र दाबण्याची आणि पुन्हा उलगडण्याची पद्धत) जास्तीत जास्त १५ लाख आणि एव्ही१ या कोडेकला १० लाख बिटांची मुभा आहे. म्हणजे पहिल्याने दोनशे वीस भागांतला एक भाग ठेवायचा आणि दुसऱ्याने तीनशे तीस भागांतला एक. उरलेले सगळे टाकून द्यायचे, आणि तरीही पाहणाऱ्याला ते जाणवू द्यायचे नाही. म्हणून कोडेक पारखताना तो काय टाकतो, आणि अडचणीत आल्यावर आधी काय टाकतो, हे पाहावे लागते.

रंग सर्वांत आधी जातो. आपला डोळा उजेड-अंधारातला फरक बारकाईने टिपतो आणि रंगातला फरक ढोबळपणे, म्हणून चार ठिपक्यांना मिळून एकच रंग पाठवला जातो. काळ्या शाईला याचा त्रास नाही. पण विद्यार्थ्यांच्या चुका मी पूर्वी लाल शाईने दुरुस्त करून दाखवत असे, त्या रेषांच्या कडा नेहमी फुगलेल्या आणि पुसट दिसत. यात कोणत्याही सेवेचा दोष नाही, जवळजवळ सर्व कॉन्फरन्स सेवा हीच पद्धत वापरतात. मी आता दुरुस्त्याही काळ्या शाईनेच करतो आणि त्यांच्याभोवती गोल काढतो.

यानंतरची पायरी आहे डिस्क्रीट कोसाइन ट्रान्सफॉर्मची. हे गणित मूळचे बंगळुरूचे नासिर अहमद यांनी टी. नटराजन आणि के. आर. राव यांच्यासह १९७४ मध्ये प्रसिद्ध केले. त्याच्या दोनच वर्षे आधी त्यांनी याच कल्पनेसाठी अमेरिकेच्या नॅशनल सायन्स फाउंडेशनकडे निधी मागितला होता आणि तो नाकारला गेला होता. आज जगात जिथे म्हणून छायाचित्र किंवा व्हिडिओ दाबला जातो, तिथे बहुतेक ठिकाणी हे गणित किंवा त्याचा भाऊबंद काम करत असतो. यात चित्राचे चौकोनी तुकडे करून प्रत्येक तुकड्यातले सावकाश बदलणारे आणि झपाट्याने बदलणारे अंश वेगळे काढतात, आणि झपाट्याने बदलणारे अंश ढोबळ करून टाकतात. गालावरची छटा सावकाश बदलते, म्हणून चेहरे छान दिसतात. पांढऱ्या कागदावरची बारीक काळी रेघ म्हणजे मात्र निव्वळ झपाट्याचा बदल, त्यामुळे बिट कमी पडले की पहिला बळी तिचाच जातो. कडेभोवती डास घोंगावल्यासारखे करडे ठिपके उठतात, आणि अभियंते या दोषाला खरोखरच डासांचे नाव देतात.

तिसरी गोष्ट हालचालीची. प्रत्येक फ्रेम, म्हणजे सेकंदाच्या तीस चित्रांतले एकेक चित्र, नव्याने न पाठवता आधीच्या फ्रेममधला कोणता तुकडा कुठे सरकला एवढेच सांगायचे, आणि तेवढ्याने जे जुळत नाही तो फरक फक्त पाठवायचा. कोरा कागद जागचा हलत नाही, म्हणून तो फुकटात जातो. हात सरकतो, पण सरकताना बोटे वळतात, सावली बदलते, बाहीला चुण्या पडतात, आणि हे सारे फरक बिट मागतात. नव्याने उमटलेली शाई आधीच्या फ्रेममध्ये कुठेच नसते, म्हणून तीही बिट मागते. एन्कोडरच्या, म्हणजे चित्र दाबणाऱ्या प्रोग्रामच्या, लेखी बाहीची चुणी आणि कान्याचे वळण यांत तसा फरक नसतो. मी वर्गाला चौकड्यांचा सदरा घालून बसत असे, हे माझ्या लक्षात फार उशिरा आले. आता साधा पांढरा घालतो, आणि अक्षर स्वच्छ होण्यात त्या सदऱ्याचा वाटा मला वाटला होता त्यापेक्षा मोठा निघाला.

चित्रपट दाबणे आणि बैठक दाबणे यांत एक मोठा फरक आहे, आणि जित्सीची पारख करताना तो ध्यानात ठेवावा लागतो. चित्रपटाच्या एन्कोडरला पुढच्या फ्रेम आधीच पाहता येतात, एकाच फ्रेमवर हवा तितका वेळ घालवता येतो. संभाषणात एका बाजूचा उशीर १५० मिलिसेकंदांच्या आत राहिला तर बोलणे सहज वाटते, त्यामुळे पुढचे पाहून मागचे लिहिण्याची चैन परवडत नाही आणि प्रत्येक फ्रेम फक्त मागच्या फ्रेमच्या आधाराने बांधावी लागते. मधले एखादे पॅकेट, म्हणजे नेटवर्कवरून जाणारा माहितीचा छोटा तुकडा, हरवले तर त्यावर आधारलेले पुढचे सगळे बिघडते. मग ते पॅकेट पुन्हा मागवायचे किंवा पूर्ण नवी फ्रेम, जिला की-फ्रेम म्हणतात, ती मागवायची. की-फ्रेम आधीच्या चित्राचा आधार घेत नाही, म्हणून ती अंगाने मोठी असते, आणि तेवढ्याच दरात ती बसवण्यासाठी क्षणभर सगळे चित्र ढोबळ होते. आमच्या गृहस्थांचे धुके बरेचसे इथून येत होते. वर्गात कुणी उशिरा आला, कुणाचे नेटवर्क गेले आणि परत आले, की त्याच्यासाठी नवी की-फ्रेम मागवली जाई आणि सगळ्यांसमोरचे अक्षर पुसट होई.

जित्सीची मांडणी मला आवडली ती याच टप्प्यावर. तिचा मधला सर्व्हर, म्हणजे व्हिडिओब्रिज, चित्रे उलगडून पुन्हा दाबत बसत नाही. आलेली पॅकेटे ज्याला हवी त्याच्याकडे फक्त वळती करतो. त्यामुळे दुसऱ्यांदा दाबल्याने होणारी चित्राची हानी टळते. पण प्रत्येकाच्या जोडणीला पेलेल असे चित्र पुरवायचे कसे? जुन्या व्हीपी८ कोडेकच्या वेळी प्रेषकाचाच संगणक एकच चित्र तीन आकारांत, म्हणजे १८०, ३६० आणि ७२० ओळींमध्ये, वेगवेगळे दाबून पाठवतो आणि ब्रिज ज्याला जे पेलेल ते देतो. व्हीपी९ आणि एव्ही१ यांच्या वेळी तीन स्वतंत्र प्रतींऐवजी एकावर एक थर रचलेला एकच प्रवाह जातो. तळाचा थर सर्वांना, वरचे थर ज्याची जोडणी सशक्त आहे त्याला. वेळेचेही असेच थर असतात, त्यामुळे एखाद्याला सेकंदाला ३० ऐवजी १५ फ्रेम देऊन भागवता येते आणि तरी साखळी तुटत नाही. माझ्या वर्गात एक विद्यार्थिनी साताऱ्याजवळच्या गावातून मोबाइलच्या डेटावर येते आणि एक जण न्यू जर्सीतून घरच्या फायबरवर. पूर्वी एकीची जोडणी ढासळली की दुसऱ्यालाही वाईट दिसे. आता तिच्या पडद्यावर चित्र ३६० ओळींवर उतरते तेव्हा त्याच्या पडद्यावर ते ७२० वरच असते. प्रत्येकाच्या चौकटीतल्या जोडणीच्या खुणेवर टिचकी मारली की आकार, बिटदर, हरवलेली पॅकेटे आणि कोडेक असे सगळे आकडे दिसतात, त्यामुळे यासाठी कुणाच्या सांगण्यावर विसंबावे लागत नाही.

याच व्यवस्थेतली आणखी एक काटकसर सांगण्याजोगी आहे. कुणाचे चित्र कुणीच मोठे करून पाहत नसेल, तर त्याचा संगणक वरचा थर दाबणेच थांबवतो. बारा जणांच्या वर्गात अकरा चेहरे टिकल्यांएवढेच दिसतात, तेवढ्यासाठी प्रत्येकाने मोठे चित्र पाठवण्याचे कारण नसते. सहज आठवले म्हणून लिहितो, १९८८ साली कॉन्फरन्ससाठीचे पहिले व्यवहार्य प्रमाण एच.२६१ आले तेव्हा त्याचे मोठे चित्र ३५२ × २८८ ठिपक्यांचे होते आणि ते ६४ किलोबिटांच्या पटींतल्या टेलिफोन वाहिन्यांवरून जाई. त्या काळी ज्यासाठी कंपन्या वेगळी खोली बांधत, तेवढे चित्र आज माझ्या पडद्याच्या कडेच्या पट्टीत बसते.

कोडेकांच्या तुलनेवर मी सर्वांत जास्त वेळ घालवला. २०२४ पासून जित्सीने संगणकावरच्या ब्राउझरसाठी एव्ही१ला पहिली पसंती दिली आहे. हा कोडेक अनेक कंपन्यांनी एकत्र येऊन २०१८ मध्ये तयार केला आणि तो वापरण्याचे स्वामित्वशुल्क त्यांनी ठेवले नाही. व्हीपी८ १६ × १६ ठिपक्यांच्या तुकड्यांत विचार करतो, एव्ही१ला १२८ × १२८ पर्यंतचे तुकडे घेता येतात. म्हणजे माझ्या कोऱ्या कागदाचा मोठा भाग तो एका शब्दात 'जसाच्या तसा' म्हणून निकालात काढतो आणि वाचलेले बिट शाईकडे वळतात. शिवाय त्याच्यात कडेची दिशा ओळखून तिच्या लगतचे ठिपके साफ करणारी गाळणी आहे. तिरप्या रेषेभोवतीचे डास ती हटवते, पण रेषेला धक्का लावत नाही. बोरूची रेघ जाड-बारीक होत जाते, त्या उतारावर हा फरक नुसत्या डोळ्यांना दिसतो. व्हीपी८मध्ये वळणाच्या आत करडी साय धरल्यासारखी दिसे. एव्ही१मध्ये, तेवढ्याच किंवा कमी बिटांत, आतली पांढरी जागा पांढरी राहते.

याची किंमत प्रोसेसरला मोजावी लागते. एव्ही१ने दाबणे हे जास्त गणिताचे काम आहे, आणि माझ्या सात वर्षे जुन्या लॅपटॉपचा पंखा पहिल्या दहा मिनिटांतच घरघरू लागला. जित्सीने इथे एक शहाणपणाची सोय ठेवली आहे : प्रोसेसर कमी पडतो असे ब्राउझरने कळवले की ती हलक्या कोडेकवर उतरते. सोय चांगली, पण तिच्यामुळे जुन्या यंत्रावर वर्गाच्या सुरुवातीला एक चित्र आणि नंतर दुसरे असे होते, हे शिक्षकाने गृहीत धरावे. मी अखेर लॅपटॉप बदलला. मोबाइलवर एच.२६४साठी बहुतेक यंत्रांत वेगळे सर्किट असते, त्यामुळे तो कोडेक बॅटरी कमी खातो. ब्राउझरमधल्या कॉन्फरन्ससाठी व्हीपी८ आणि एच.२६४ हे दोन्ही सक्तीचे ठरवणारा तोडगा २०१४ मध्ये निघाला, आणि म्हणूनच कितीही जुना फोन घेऊन आलेला विद्यार्थी आजही वर्गाबाहेर राहत नाही.

एक प्रयोग मी मुद्दाम केला. कॅमेऱ्याचे चित्र संगणकावर वेगळ्या खिडकीत उघडायचे आणि ती खिडकीच पडदा म्हणून वर्गाला दाखवायची. पडद्याच्या चित्रात बारकावा महत्त्वाचा असे धरून जित्सी त्याचा आकार सांभाळते आणि हालचाल सोडते. कॅमेऱ्याच्या चित्रात ती याच्या उलट वागते. पडद्यासाठी मूळ दर सेकंदाला ५ फ्रेमचा आहे, सेटिंगमध्ये तो वाढवता येतो. ५ फ्रेमवर शाई कोरीव दिसली, इतकी की कागदाचा पोतही दिसत होता. पण काना खालून वर गेला की वरून खाली आला, हे कुणालाच सांगता येईना. दर ३० केला तेव्हा हालचाल आली आणि बिट दोन्हींकडे पुरेनासे झाले. त्यामुळे जुना कागद वाचायला घेतला की मी तो पडद्याच्या वाटेने दाखवतो आणि लिहून दाखवायचे असले की कॅमेऱ्याच्या. दोन्हींतली अदलाबदल एका बटणाची आहे, विद्यार्थ्यांना ती आता अंगवळणी पडली आहे.

कोणतीही सेवा घेण्याआधी कॅमेऱ्याकडे आणि दिव्याकडे पाहावे, हे मी पुरेसे ठासून सांगू इच्छितो. साध्या यूएसबी कॅमेऱ्याला ७२० ओळींचे कच्चे चित्र सेकंदाला ३० वेळा द्यायचे तर सुमारे ४४ कोटी बिट लागतात, आणि यूएसबी २ची कागदोपत्री क्षमताच ४८ कोटी आहे. म्हणून असे कॅमेरे चित्र आतच एकदा दाबून संगणकाला देतात. म्हणजे जित्सीच्या कोडेककडे पोहोचते ते आधीच डास बसलेले चित्र, आणि ते डासही खरा बारकावा समजून तो इमानेइतबारे पाठवतो. उजेड कमी असला तर कॅमेरा संवेदनशीलता वाढवतो आणि चित्रभर मुंग्या येतात. मुंग्या प्रत्येक फ्रेमला नव्या जागी असतात, त्यांचा आधीच्या फ्रेमशी मेळ बसत नाही, म्हणून त्या बिट फस्त करतात. माझ्या खोलीत आणखी एक गंमत होती. आपली वीज ५० हर्ट्झची, त्यामुळे ट्यूब सेकंदाला १०० वेळा लुकलुकते. कॅमेरा मात्र ६० हर्ट्झवर ठेवलेला होता. कागदावरून फिकट काळपट पट्टे हळूहळू सरकत राहात. डोळ्याला ते क्वचितच जाणवत, पण एन्कोडरला वाटे की सगळा कागदच दर फ्रेमला बदलतो आहे. सेटिंग ५० वर आणले, एक चांगला टेबललॅम्प डाव्या बाजूला ठेवला, फोकस आणि एक्सपोजर स्थिर केले, आणि त्या संध्याकाळी कोडेक न बदलता अक्षर जेवढे सुधारले तेवढे त्याआधीच्या महिनाभराच्या खटपटीत सुधारले नव्हते.

आवाजाबद्दल फार लिहिण्यासारखे नाही. ओपस हा कोडेक २०१२ पासून प्रमाणित आहे, चित्राच्या मानाने फारच थोड्या बिटांत बोलणे स्वच्छ पोहोचवतो, आणि नेटवर्क खालावले तर चित्र गेले तरी आवाज बराच काळ टिकतो. बोरू कागदावर करकरतो तो आवाज मात्र गोंगाट समजून गाळला जातो. तो ऐकवायचा असेल तर सेटिंगमध्ये गोंगाट दाबण्याची सोय बंद करावी लागते.

दोष म्हणून दोन गोष्टी नोंदवतो. दोनच जण असतील तर जित्सी ब्रिजला वगळून दोघांची थेट गाठ घालून देते, त्यामुळे उशीर कमी होतो. पण तिसरा आला की जोडणी ब्रिजवरून नव्याने उभी राहते आणि त्या क्षणी चित्र अडखळणे ओघानेच येते. म्हणून एकट्या विद्यार्थ्याची शिकवणी चालू असताना पुढच्या वेळचा विद्यार्थी आधीच येऊन बसणे टाळावे. दुसरे, कोडेकची पसंती बदलण्याचे बटण सामान्य वापरणाऱ्याला समोर दिसत नाही. ती सर्व्हरच्या मांडणीतली गोष्ट आहे. स्वतःचा सर्व्हर चालवणाऱ्याला ती हातची, बाकीच्यांनी जे मिळेल ते घ्यायचे. चित्रकला, मेंदी, भरतकाम, मोडी असे हाताचे काही शिकवणाऱ्यांना आणि ज्यांचा संगणक गेल्या चार-पाच वर्षांतला आहे त्यांना मी ही सेवा निःशंकपणे सुचवीन. केवळ गप्पांसाठी बैठक हवी असेल तर कुठलीही सेवा चालेल, चेहरे सगळीकडे सारखेच दिसतात.

मागच्या रविवारी त्याच निवृत्त गृहस्थांनी मला पुन्हा थांबवले. मी धास्तावून आकडे उघडले : ७२० ओळी, ३० फ्रेम, हरवलेली पॅकेटे शून्य. ते म्हणाले, "सर, दिसतंय सगळं स्वच्छ. पण तुमच्या 'ळ'ला दुसऱ्यांदा लिहिताना वळण वेगळं आलं, त्यातलं कोणतं खरं धरायचं?"